मुक्कामाचा स्लो कुकर आणि विजेचा आग्रह

तंबू ठोकून रानात, गडाच्या पायथ्याशी किंवा धरणाच्या काठी एक-दोन रात्री मुक्काम करण्याची हौस आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबांत जशी वाढीस लागली, तशी त्या मुक्कामात स्वयंपाकाची तजवीज कशी असावी याविषयीची मतमतांतरेही वाढली. आणि त्यांपैकी एक मत अलीकडे इतक्या निःशंकपणे व इतक्या अधिकारवाणीने मांडले जाऊ लागले आहे की, त्यास वेळीच हरकत घेतली नाही तर पुष्कळ सरळ मनाच्या माणसांचा पैसा, आणि त्याहूनही मोलाची अशी वर्षाकाठी हाती लागणारी एखादी संध्याकाळ, व्यर्थ जाईल अशी मला खरोखर भीती वाटते. ते मत असे की, मंद आचेवर तासन्‌तास शिजलेले अन्न मुक्कामावर हवे असेल तर विजेवर चालणारा स्लो कुकर घ्यावा, तो चालवण्यासाठी मोटारीच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडावा किंवा ‘पॉवर स्टेशन’ या नावाने विकली जाणारी वीज साठवण्याची पेटी खरेदी करावी, आणि ज्याला थर्मल कुकर म्हणतात ते बिनविजेचे, नुसती उष्णता राखणारे भांडे म्हणजे खेळणे समजून दुकानातच राहू द्यावे. हे मत मला सर्वथा अमान्य आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे आणि मग त्याचे खंडन करणे हे वादाच्या सभ्यतेला शोभत नाही, म्हणून विजेच्या बाजूने जे जे बोलले जाते ते आधी पुरतेपणी सांगतो. विजेच्या स्लो कुकरात आच सतत मिळत राहते, त्यामुळे पदार्थ निवत नाही. कळ फिरवली की माणूस मोकळा होतो, गड चढून येतो आणि परतल्यावर त्याला मटणाचा रस्सा तयार मिळतो. ज्वाला नसल्यामुळे तंबूपाशी आगीचे भय राहत नाही. उलट थर्मल कुकरात एकदा भांडे बंद केले की उष्णता कमी कमीच होत जाते, सबब डाळ कच्ची राहण्याचा आणि अन्न नासण्याचा धोका त्यात आहे. ही कैफियत ऐकणाऱ्यास सयुक्तिक वाटते, कारण तिच्या प्रत्येक वाक्यात थोडे सत्य आहे. पण ती घरातल्या ओट्यापाशी उभे राहून लिहिलेली आहे, जेथे भिंतीतून वीज अखंड येते आणि तिचा जमाखर्च महिन्याच्या बिलात निमूटपणे मिसळून जातो. मुक्कामावर तो जमाखर्च आपला आपल्यालाच, आणि तोही निघण्यापूर्वी, मांडावा लागतो.

तो मांडूनच पाहू. सहा माणसांना पुरेल अशी तीन लिटर आमटी किंवा पातळ खिचडी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत नेण्यास, ती जवळजवळ पाण्याइतकीच उष्णता घेते असे धरल्यास, सुमारे ९४० किलोज्यूल उष्णता लागते. वीजबिलाच्या परिभाषेत हे पाव युनिटाहून किंचित अधिक भरते. आता त्याच कामास विजेचा स्लो कुकर किती घेतो? २०० वॅटचा कुकर सहा तास चालला तर १,२०० वॅट-तास, म्हणजे १.२ युनिट वीज खर्ची पडते. अन्नास हवी होती तिच्या चौपटीहून अधिक उष्णता आपण त्या भांड्यास देतो, आणि तिचा तीन-चतुर्थांशाहून मोठा हिस्सा त्याच्या पातळ पत्र्यातून व काचेच्या झाकणातून हवेत निघून जातो. कारण या कुकरांपैकी बहुतेकांना उष्णतारोधक वेष्टण असे नसतेच, चिनी मातीचे जड भांडे, त्याच्याभोवती तापणारी तार आणि बाहेर पत्रा, एवढीच त्यांची रचना. बंद स्वयंपाकघरात ही गळती कोणाच्या लक्षात येत नाही. पण भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी पौषातल्या रात्री पाण्यावरून गार वारा सुटलेला असताना ती कितीतरी वाढते, आणि सर्वांत मंद खुणेवर ठेवलेला जो कुकर घरीसुद्धा उकळीच्या जवळ पोचण्यास सात-आठ तास घेतो, तो तेथे उजाडेपर्यंत पोचेल की नाही याची खातरजमा कोणीही देऊ शकणार नाही.

बरे, ही १.२ युनिट वीज येणार कोठून? लहान मोटारीची बॅटरी साधारणतः १२ व्होल्टची आणि ४० अँपिअर-तासांच्या आसपास क्षमतेची असते. म्हणजे ती काठोकाठ भरलेली असली तरी तिच्यात ४८० वॅट-तास. ती इंजिनाला क्षणभर जोराचा धक्का देण्यासाठी घडवलेली आहे. तिला निम्म्याहून खाली रिकामी करण्याची सवय लावली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून वापरण्याजोगे उरतात २४० वॅट-तास, आणि इन्व्हर्टरने आपला वाटा कापून घेतल्यावर दोनशेच्या आसपास. त्यावर आपला कुकर एक तास चालेल, आणि एका तासात भांड्यातली डाळ कोमट होईल. मोटारीतल्या सिगारेट-लायटरच्या खोबणीतून हा प्रवाह घ्यावा असे सांगणाऱ्यांनी त्या खोबणीचा फ्यूज एकदा पाहिला पाहिजे. तो बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो, आणि २०० वॅटना १२ व्होल्टवर सोळाहून अधिक अँपिअर लागतात. इंजिन चालू ठेवून बॅटरी भरत राहावी अशीही एक तोड सुचवली जाते. परंतु एका आमटीसाठी सहा तास पेट्रोल जाळून शेजारच्या तंबूंतल्या माणसांना धूर आणि घरघर सोसायला लावणे हा मार्ग मी कोणाही सभ्य माणसास सुचवणार नाही. राहिली वीज साठवण्याची पेटी. हजार वॅट-तासांच्या पेटीचे वजन दहा किलोंच्या पुढे आणि किंमत पाच आकडी; आतल्या रूपांतरातील घट वजा जाता तिच्यावर कुकर चार तासांपेक्षा थोडा अधिक चालतो. एवढा सरंजाम करूनही सहा तासांचा पाक तिच्यात पुरा होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती भरून घेण्यास पुन्हा भिंतीचीच वीज लागते.

याच्याशेजारी २३० ग्रॅमची, हातात मावणारी गॅसची डबी ठेवून पाहावी. गॅसच्या एका किलोत सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता असते. छोट्या शेगडीवर निम्मी वाया जाते असे धरले तरी आपले तीन लिटर उकळण्यास चाळीस-एक्केचाळीस ग्रॅम गॅस पुरतो, आणि वर दहा मिनिटे खदखदू देण्यास आणखी दहा-एक ग्रॅम. एका डबीत असे चार मुक्काम सहज होतात. पण उकळी आल्यानंतरचे तास कोणी सांभाळायचे, असा प्रश्न प्रतिपक्ष विचारील. आणि साऱ्या वादाचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे.

अन्न शिजते ते उष्ण राहिल्यामुळे. त्यास सतत नवी उष्णता पुरवीत राहावे लागते ते भांडे सतत उष्णता गमावीत असते म्हणून. गमावण्याची वाट बंद केली की पुरवठ्याची गरज त्या प्रमाणात संपते. आंब्याच्या अढीस कोणी रोज नवी ऊब आणून देत नाही. आत जी ऊब आहे ती पेंढा धरून ठेवतो आणि फळ आपल्या वेळेने पिकते. मटणातील चिवट तंतू सुटून मऊ होण्याची क्रिया ७० अंशांच्या आसपास सुरू होते आणि त्यापुढे तिला हवा असतो तो वेळ. भिजवलेली कडधान्येही ऐंशी-नव्वद अंशांत सावकाश मऊ होतात. रटरट उकळण्याने पाणी उडते, रस्सा तळाला लागतो आणि बटाटा फुटतो, पण ९५ अंशांना नीट होणारे काम काही विशेष लवकर होत नाही. दोन पोलादी भिंतींमध्ये निर्वात पोकळी ठेवून जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाच्या १८९२ च्या शोधाचा उपयोग करणारा चांगला थर्मल कुकर त्या उकळत्या भांड्यास आपल्या पोटात घेतो आणि सहा तासांनंतरही ७० अंशांच्या वर ठेवतो. कळ फिरवून गडावर जाण्याची जी सोय विजेच्या बाजूने सांगितली जाते, तीच सोय, आणि वीज जाण्याच्या धास्तीविना, येथे मिळते.

थर्मल कुकर ही विजेच्या स्लो कुकराची स्वस्त नक्कल आहे, असाही एक आक्षेप घेतला जातो, आणि तो इतिहासाच्या अज्ञानातून आलेला आहे. विजेचा स्लो कुकर ज्याने घडवला त्या शिकागोच्या आयर्विंग नॅक्सनने १९३६ साली पेटंटसाठी अर्ज केला व १९४० साली त्यास ते मिळाले. आणि त्यास ही कल्पना सुचली ती लिथुआनियातून आलेल्या आपल्या आईने सांगितलेल्या एका रिवाजावरून. तेथील यहुदी घरांत शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवणे धर्मबाह्य असल्यामुळे ‘चोलंट’ नावाच्या, घेवडावर्गीय दाणे आणि मांस घातलेल्या पदार्थाचे भांडे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पाववाल्याच्या भट्टीत ठेवीत, आणि भट्टीच्या निवत जाणाऱ्या उष्णतेत ते रात्रभर शिजून शनिवारी तयार होई. नॅक्सनचा उद्योग १९७० साली रायव्हल नावाच्या कंपनीने घेतला आणि पुढल्या वर्षी ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आला. म्हणजे मूळ पाक साठवलेल्या उष्णतेवरचा. तार नंतर आली. त्याच्याही आधी, १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेन्सेनने उष्णतारोधक पेटीत उकळते भांडे ठेवून अन्न शिजवण्याचे साधन मांडले होते. आणि दोन्ही महायुद्धांत इंधनाची टंचाई झाली तेव्हा इंग्लंडातल्या गृहिणींनी वाळलेले गवत भरलेल्या लाकडी पेटीत हेच केले.

आपल्याकडेही ही विद्या परकी नाही. चुलीचा जाळ मुख्य तोंडावरची भाकरी भाजून झाल्यावर वैलाकडे वळतो आणि तेथे ठेवलेली डाळ कोणाच्या देखरेखीवाचून शिजत राहते, हे ज्याने पाहिले आहे त्यास मंद पाक विजेसोबत आला असे कोणी पटवू शकणार नाही. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर सिद्ध केला, तो जगन्नाथपुरीच्या मंदिरातील एकावर एक रचलेल्या मडक्यांतील वाफेच्या पाकावरून स्फूर्ती घेऊन. तळाशी मूठभर कोळसा, त्यावर पाणी आणि वर डब्यांची चवड, एवढ्यावर भात, वरण आणि भाजी एकाच वेळी होत असे आणि प्रवासी माणूस ते यंत्र सोबत नेत असे. ही सगळी भांडी प्रवासात किंवा टंचाईत उपयोगी पडली, कारण जेथे इंधन मोजून मिळते तेथेच ती जन्मली.

आता नासण्याच्या आक्षेपाकडे येतो. हा एकच आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण त्याचा संबंध माणसाच्या, विशेषतः मुक्कामावर आलेल्या लहान मुलांच्या, प्रकृतीशी आहे. अन्नातील अपायकारक जंतू साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान वाढतात. ६० अंशांच्या वर त्यांची वाढ थांबते, आणि उकळीत जिवंत जंतू मरतात. ही मर्यादा ध्यानात घेऊन दोन्ही भांड्यांची वाटचाल तपासावी. विजेच्या स्लो कुकरात अन्न थंडच घातले जाते आणि ते त्या धोक्याच्या पट्ट्यातून अतिशय सावकाश वर चढते; बाहेर थंडी असली, मांस पेटीतल्या बर्फावरून थेट भांड्यात गेले, किंवा मध्येच वीज गेली, तर ते त्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळते. थर्मल कुकरात अन्न प्रथम खदखदून उकळलेले असते आणि उतरत येते ते वरून; त्याचे सुरुवातीचे सगळे तास सुरक्षित बाजूस जातात. मात्र येथे प्रतिपक्षाच्या हाती एक रास्त मुद्दा आहे आणि तो मी लपवणार नाही. मांसात आढळणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे आणि भातात आढळणाऱ्या बॅसिलस सेरियसचे बीजाणू उकळीलाही पुरून उरतात, आणि भांडे ६० अंशांच्या खाली उतरले की ते जागे होऊन वाढू लागतात. म्हणून थर्मल कुकरास मुदत असते. सायंकाळी भरलेला कुकर रात्री उघडावा. रात्री भरून पहाटे उघडायचा असेल तर तो मोठा व पूर्ण भरलेला असावा, आणि उघडल्यावर अन्नात थर्मामीटर घालून पाहावे. पारा ६० च्या खाली गेला असेल आणि केव्हा गेला ते सांगता येत नसेल, तर ते अन्न टाकून द्यावे. पुन्हा उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांतल्या काहींनी आधीच तयार करून ठेवलेले विष उकळीलाही दाद देत नाही. दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारा हा थर्मामीटर मुक्कामाच्या सामानात असलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

राजम्याच्या बाबतीत तर विजेच्या बाजूचे पुरस्कर्ते ज्या सावधगिरीची अपेक्षा आमच्याकडून करतात ती त्यांनी आधी स्वतः पाळावयास हवी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. मूठभर अर्धकच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. ते नष्ट होण्यास दाणे पाच तास तरी भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे, आणि अधिक सावधपणे अर्धा तास, खळखळ उकळावे लागतात. नुसते ८० अंशांपर्यंत तापवलेल्या राजम्यात हे विष कमी होण्याऐवजी वाढल्याचे आढळले आहे. कळ फिरवून, कधी न उकळता, तासन्‌तास मंद तापणाऱ्या भांड्यात थेट राजमा घालणे म्हणजे त्या विषाला हवी ती परिस्थिती निर्माण करणे होय. थर्मल कुकरात उकळी ही पहिली अटच आहे. तेव्हा अर्धा तास शेगडीवर आणि मग आत, एवढे केले की राजमाही निर्धोक होतो. पण मुक्कामावर राजम्याचा हट्ट नसावा हे बरे. मटकी, मूग, सोललेले वाल आणि तुरीची डाळ ही सगळी भिजवून नेली तर या भांड्यात उत्तम शिजतात. हरभरा आणि काळा वाटाणा मात्र रात्रभर भिजलेला असावा आणि शेगडीवर निदान वीस मिनिटे उकळलेला असावा.

प्रेशर कुकर असताना हा खटाटोप कशाला, असे विचारणारा दुसरा एक पक्ष आहे, आणि त्याच्याशी माझे भांडण फारसे नाही. उंची वाढते तसा पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो, ढोबळ मानाने दर तीनशे मीटरला एक अंश. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर तो चौऱ्याण्णव-पंचाण्णव अंशांच्या आसपास असतो, आणि तेथे मंद पाकाला अडचण येत नाही. पण साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला तो ८८ अंशांपर्यंत खाली येतो आणि तेथे डाळ उघड्या किंवा थर्मल भांड्यात शिजवण्याचा आग्रह धरणे अव्यवहार्य ठरते. दाबामुळे आत शंभराहून बरेच अधिक अंश मिळवून देणाऱ्या प्रेशर कुकरचे श्रेष्ठत्व तेथे मान्य करावे. सह्याद्रीत मात्र प्रेशर कुकर आणि मंद पाक यांत विरोध कल्पण्याचे कारणच नाही, हे पुढे सांगणार आहे.

आणखीही एक कबुली द्यावी लागते. अमेरिकेत राहणारी पुष्कळ मराठी कुटुंबे सुटीत ज्या तळांवर जातात, त्यांपैकी अनेक ठिकाणी प्रत्येक जागेशी विजेचा खांब असतो आणि त्यातून ३० किंवा ५० अँपिअरपर्यंतची जोडणी मिळते. तेथे विजेचा स्लो कुकर बिनदिक्कत वापरावा, त्यावर माझी हरकत नाही. आपल्याकडील धरणाकाठच्या खाजगी तळांवरही तंबूत प्लग असल्याची जाहिरात असते. पण ती वायर किती तंबूंत वाटली गेली आहे आणि पावसाळ्यात ती किती वेळ टिकते याची चौकशी कोणी करीत नाही. अशा एका तळावर, ज्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, सायंकाळी वीज गेल्यावर आमच्या शेजारच्या कुटुंबाचे मटण रात्री दहाला अर्धकच्चे निघाले आणि मुलांना बिस्किटांवर झोपावे लागले. हा दोष त्या आईचा नव्हता, तिला तो कुकर घेण्याचा सल्ला देणाऱ्यांचा होता.

ज्वालेच्या भयाविषयीही दोन शब्द. माघानंतर सह्याद्रीतले गवत वाळून कोळ होते आणि एका ठिणगीने डोंगरउतार जळतो, हे मला मान्य आहे. त्याची चिंता मला विजेच्या पुरस्कर्त्यांहून कमी नाही. हरिश्चंद्रगडासारखे ठिकाण १९८६ पासून अभयारण्यात मोडते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यास धोका पोचेल अशा रीतीने विस्तव पेटवण्यास वा पेटता सोडण्यास मनाई केलेली आहे. पण या चिंतेचे उत्तर ज्वाला जितकी थोडा वेळ आणि जितकी डोळ्यांसमोर राहील तितके चांगले, हे आहे. तीन दगडांच्या चुलीवर रश्श्यासाठी दोन-अडीच तास लाकूड जळते आणि निखारे रात्रभर धुमसतात. थर्मल कुकरासाठी छोटी शेगडी वाऱ्याच्या आडोशाला, गवत साफ केलेल्या जमिनीवर, वीस-पंचवीस मिनिटे पेटते आणि विझवली जाते. जेथे वनखात्याचा हुकूम शेगडीलाही मनाई करतो तेथे अन्न गावातल्या घरी किंवा पायथ्याच्या खानावळीत उकळून घेऊन भांडे बंद करून न्यावे. विजेच्या कुकरास ही मुभा नाही.

थर्मल कुकर घेण्याचे ठरले तर निवड कशी करावी, यात लोक सर्वांत मोठी चूक करतात ती आकाराच्या बाबतीत. पाहुणे येतील म्हणून मोठा घेऊ, असे म्हणून सहा-सात लिटरचा कुकर आणतात आणि चौघांची खिचडी त्याच्या तळाशी घालतात. भांड्यात साठलेली उष्णता अन्नाच्या वजनावर अवलंबून असते आणि गळणारी उष्णता भांड्याच्या पृष्ठभागावर. अर्धे रिकामे भांडे घेतले की साठा निम्म्यावर येतो आणि गळती जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून आपल्या नेहमीच्या जेवणाने जे भांडे चार-पंचमांश तरी भरेल तेच घ्यावे. चार माणसांना तीन लिटरचे पुरते, सहा-सात जणांना साडेचार लिटरचे. दुसरी गोष्ट झाकणाची. अंगाची पोकळी निर्वात असली तरी बहुतेक कुकरांचे झाकण नुसत्या फोमचे असते आणि उष्णता तेथूनच निसटते. म्हणून झाकण जाड आहे का, आतल्या भांड्यावर त्याचे स्वतःचे वेगळे झाकण आहे का, कडी घट्ट बसते का, हे दुकानातच हाताने पाहावे. आतले भांडे जाड तळाचे असावे, नाही तर उकळताना डाळ खाली धरते. दोन उथळ आतली भांडी एकावर एक बसणारे कुकर मिळतात, त्यांत खाली रस्सा आणि वर भात होतो. पण प्रत्येक भांडे लहान असल्यामुळे ते लवकर निवते, म्हणून रात्रभराच्या पाकास ते घेऊ नये. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. घरी आणल्यावर तो उकळत्या पाण्याने भरावा, बंद करावा आणि सहा तासांनी थर्मामीटर घालून पाहावे. ७० अंशांच्या खाली पारा आला तर तो मुदतीत परत करावा.

शिजवण्याच्या रीतीतही एक-दोन बदल करावे लागतात. वाफ बाहेर जात नसल्यामुळे नेहमीपेक्षा पाणी थोडे कमी घालावे. वरचे पाणी उकळले म्हणजे काम झाले असे नाही. बटाट्याच्या फोडीचा किंवा मटणाच्या तुकड्याचा गाभा तापला पाहिजे, म्हणून उकळी आल्यावर भाजीला सात-आठ मिनिटे आणि मटणाला वीस मिनिटे तरी द्यावीत. आणि मध्ये झाकण उघडून पाहू नये. दर वेळी काही अंश जातात आणि ते परत आणणारे कोणी नसते.

राहिले ते पाठीवर सामान घेऊन चढणारे, ज्यांना तीन-साडेतीन किलोंचा पोलादी कुकर परवडत नाही. त्यांच्यासाठी मी काहीही नवे विकत घ्यावयास सांगणार नाही. दोन किंवा तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर तसाही बहुतेक गटांबरोबर असतो. त्यात भिजवलेली डाळ आणि तांदूळ घालून दोन शिट्ट्या काढाव्यात, शेगडी बंद करावी, आणि शिटी न उचलता तो कुकर गोधडीत, आणि गोधडी नसेल तर झोपण्याच्या पिशवीत व लोकरी स्वेटरांत, चहूबाजूंनी नीट गुंडाळून ठेवावा. तळाशी वर्तमानपत्राचे जाड थर घालावेत, कारण खडकाळ जमीन उष्णता फार वेगाने ओढून घेते. दाब काही मिनिटांत उतरतो आणि आतले अन्न उकळीच्या आसपास येऊन तेथून अगदी सावकाश निवू लागते. दीड-दोन तासांनी उघडावा, त्यापेक्षा उशीर करू नये, कारण गोधडी ही निर्वात भिंत नव्हे. प्रेशर कुकर आणि मंद पाक यांत विरोध नाही असे मी वर म्हटले ते याच आधारावर. पहिल्या दहा मिनिटांचे काम दाब करतो आणि उरलेले कापूस-लोकर. अशा रीतीने शिजलेल्या मसालेभाताला पाच-सहा शिट्ट्या काढून भात चिकट करण्यात जाणारा गॅस लागत नाही, आणि परतताना डबीत उरलेल्या इंधनावर पहाटेचा चहा होतो.

विजेच्या पुरस्कर्त्यांना माझी विनंती एवढीच की, त्यांनी दोन्ही भांडी एकाच रात्री, एकाच वाऱ्यात, सारख्याच तीन लिटर आमटीने भरून ठेवावीत, दर तासाला थर्मामीटरचे आकडे लिहावेत, किती वीज आणि किती ग्रॅम गॅस गेला ते तोलून नोंदवावे, आणि ती नोंद आपल्या मताबरोबर प्रसिद्ध करावी. ते आकडे माझ्या विरुद्ध निघाले तर मी ते याच ठिकाणी छापून देण्यास तयार आहे.